तमाशा फडांची फाटाफूट आणि नामांतरे : पुणे परिसराच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

मराठी लोकरंगभूमीचा इतिहास आजवर बहुतांशी व्यक्तींच्या अंगाने लिहिला गेला आहे. शाहिरांची चरित्रे, लावण्यांचे संग्रह, वगांच्या संहिता आणि कलावंतिणींच्या आठवणी यांनी या विषयाचे कपाट बरेचसे भरले आहे. य. न. केळकर, म. वा. धोंड, गंगाधर मोरजे, नामदेव व्हटकर, रुस्तुम अचलखांब, विश्वनाथ शिंदे यांच्यासारख्या अभ्यासकांनी लावणी व तमाशा या प्रकारांची घडण, त्यांची भाषा आणि सामाजिक पार्श्वभूमी यांविषयी मोलाचे काम केले आहे. मात्र ज्या संस्थेच्या आधाराने ही कला जगली ती संस्था म्हणजे 'फड', आणि तिच्या अंतर्गत घडामोडींचा स्वतंत्र विचार त्या मानाने कमी झालेला दिसतो. फड कसा उभा राहतो, तो कोणाच्या नावाने चालतो, तो फुटतो तेव्हा नाव कोणाकडे जाते आणि माणसे कोणाकडे जातात, हे प्रश्न वरवर व्यावहारिक वाटले तरी त्यांच्या उत्तरांत तमाशाच्या सामाजिक इतिहासाचा मोठा भाग दडलेला आहे.

प्रस्तुत लेखात पेशवाईच्या अखेरच्या काळापासून एकविसाव्या शतकापर्यंतच्या काही निवडक फडांच्या आधारे या प्रश्नांचा मागोवा घेतला आहे. फडाची फूट ही कलेच्या ऱ्हासाची खूण मानण्याची प्रथा आहे. जुने कलावंतही तसेच म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही असते, कारण फूट पडली की हंगाम बुडतो. परंतु दीर्घ काळाच्या दृष्टीने पाहता असे दिसते की, ज्यांच्या जिवावर फड चालत होता पण ज्यांचे नाव त्यावर नव्हते, अशा कलावंतांना, विशेषतः स्त्रियांना, स्वतःचे नाव लावण्याची संधी बहुधा फुटीतूनच मिळाली. या दृष्टीने फडांची बदलती नावे हे इतिहासाचे एक साधन ठरते. उत्तरार्धात अमेरिकेतील 'हॉररकोअर' या भयप्रधान रॅप संगीताच्या भूमिगत गटांशी थोडी तुलना केली आहे. ती काही वाचकांस अनपेक्षित वाटेल, परंतु नाव आणि माणसे यांच्यातील ताण तेथेही असाच आहे.

नाममुद्रेतील सोबती

पेशवाईच्या उत्तरकाळात पुणे हे शाहिरांचे मोठे आश्रयस्थान होते. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर, राम जोशी, अनंत फंदी आदी शाहिरांचा या शहराशी संबंध आला. त्या काळी जाहिरातीचे फलक नव्हते. फडाचे नाव रचनेतच गोवलेले असे. लावणीच्या किंवा पोवाड्याच्या अखेरच्या कडव्यात कवीचे नाव, कधी गुरूचे, कधी गावाचे, तर कधी गाणाऱ्या व साथ करणाऱ्या सोबत्यांचेही नाव येई. या नाममुद्रेकडे अभ्यासकांनी प्रामुख्याने कर्तृत्वनिश्चितीचे साधन म्हणून पाहिले. ती एका अर्थाने फडाची हजेरीपत्रिकाही होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

याचे सर्वांत परिचित उदाहरण 'होनाजी बाळा' हे होय. अनेक सुशिक्षित वाचकांचा आजही असा समज असतो की हे एकाच माणसाचे नाव आहे. वस्तुतः होनाजी शिलारखाने हा जातीने गवळी, आणि बाळा करंजकर हा शिंपी. होनाजीने रचावे आणि बाळाने गोड गळ्याने गावे, अशी ही जोडी होती. १९५१ साली प्रदर्शित झालेल्या 'अमर भूपाळी' या चित्रपटाने होनाजीला घरोघरी पोहोचविले, तथापि बाळाचे वेगळेपण त्यामुळे लोकांच्या मनात फारसे ठसले असे म्हणता येत नाही. दोन जातींतील, दोन निरनिराळ्या कौशल्यांच्या माणसांनी एका नावाखाली उभे राहावे आणि त्या नावाने पुढे त्यांतील एकाला झाकून टाकावे, हा प्रकार तमाशाच्या इतिहासात नंतरही वारंवार घडलेला दिसेल.

अनंत फंदीचे उदाहरण याहून वेगळे आहे. संगमनेरच्या या शाहिराचे मूळ आडनाव घोलप. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्याचा स्नेह होता आणि त्या स्नेहावरून लोक त्यालाही फंदी म्हणू लागले, अशी परंपरा आहे. म्हणजे ज्या नावाने तो अजरामर झाला ते नाव त्याच्या घराण्याचे नव्हे, तर सोबत्याचे होते. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर फंदी तमाशा सोडून कीर्तनाकडे वळला, अशीही आख्यायिका आहे. राम जोशी यांच्याबाबतही मोरोपंतांच्या सहवासानंतर झालेले असेच परिवर्तन सांगितले जाते. या कथा शब्दशः किती खऱ्या मानायच्या हा वेगळा प्रश्न. त्यांतून एक गोष्ट निश्चित दिसते. शाहिराने फड सोडून कीर्तनकार होणे हे समाजाच्या दृष्टीने उद्धाराचे होते, मात्र मागे राहिलेल्या ढोलकीवाल्याचे आणि झीलकऱ्यांचे पुढे काय झाले याची नोंद ठेवण्याची गरज कोणासही वाटली नाही.

कलगी आणि तुरा या दोन पक्षांतील सवाल-जवाबांचे सामने हे फडांच्या जडणघडणीचे आणखी एक क्षेत्र होते. शक्तीचा महिमा गाणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले रात्ररात्र एकमेकांस कूट घालीत. हरणाऱ्याने आपला डफ जिंकणाऱ्याच्या स्वाधीन करावा, असा रिवाज सांगितला जातो. डफ गेला की फड गेला, हे उघड आहे. स्पर्धा किती विकोपाला जाई याचे एक उदाहरण म्हणून होनाजीच्या अखेरीकडे बोट दाखविले जाते. १८४४ मध्ये त्याचा मृत्यू झाला तो मारेकऱ्यांच्या हातून, असे परंपरा सांगते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि राजाश्रय आटला. फडांना आता गावोगावच्या यात्रा-जत्रांकडे आणि पुढे तिकीट काढून येणाऱ्या शहरी प्रेक्षकाकडे वळावे लागले. आश्रयदात्याला कवीचे नाव पुरेसे होते. तिकीट काढणाऱ्याला मात्र रात्रभर बांधून ठेवणारे कथानक हवे होते. १८६५ च्या सुमारास उमा बाबू सावळजकर यांच्या 'मोहना बटाव' या वगाने ही गरज भागविण्यास आरंभ केला, असे सामान्यतः मानले जाते. वग आला आणि फडातील माणसांची यादी वाढली. कवी, गायक व साथीदार यांच्या जोडीला सोंगाड्या, राजा, प्रधान, मावशी अशी पात्रे करणारी माणसे लागू लागली. फड मोठा झाला, खर्चिक झाला, आणि म्हणून ठिसूळही झाला.

बापूराव आणि पवळा

रेठरे हरणाक्ष येथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी यांनी कुळकर्णीपण व जातीची प्रतिष्ठा सोडून 'पठ्ठे बापूराव' हे नाव धारण केले. तमाशाच्या इतिहासातील हे सर्वाधिक चर्चिले गेलेले नामांतर होय. ब्राह्मणाने तमाशात जाणे ही त्या काळी केवढी खळबळजनक घटना होती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. येथे विचार करावयाचा आहे तो त्यांच्या फडातील पवळा या कलावंतिणीचा.

संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील, महार समाजात जन्मलेल्या पवळा भालेराव यांना रसिकांनी 'नामचंद' ही पदवी दिली होती. तमाशाच्या बोर्डावर पूर्वी नाच्या पोऱ्या नाचत असे. स्त्रियांना तेथे स्थान मिळू लागल्यावर नावलौकिक मिळविणाऱ्या आरंभीच्या कलावंतांत पवळाबाईंची गणना होते. बापूरावांची रचना आणि पवळाबाईंचा गळा व अदा या संयोगाने पुणे-मुंबईचे प्रेक्षक खेचले जात. परंतु फड बापूरावांचा म्हणून ओळखला गेला. पुढे दोघे विभक्त झाले आणि बापूरावांच्या भरभराटीचा काळ संपला. चरित्रकार या ताटातुटीकडे प्रेमभंग म्हणून पाहतात, आणि नाटक-चित्रपटांनाही तेच सोयीचे वाटले. प्रस्तुत लेखकाच्या मते ती एका व्यावसायिक भागीदारीचीही अखेर होती, आणि त्या भागीदारीत एका भागीदाराच्या हिश्श्याची नोंद कोठेही नव्हती. पवळाबाईंचे निधन १९३९ मध्ये झाले. बापूरावांचे १९४५ मध्ये पुण्यात, हलाखीत. त्यांच्या लावण्यांचे संग्रह निघाले. पवळाबाईंच्या गायकीचे काय उरले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

उचल

फड फुटण्याची कारणे सांगताना कलावंत मानापमान, भाऊबंदकी, प्रेमप्रकरणे यांचा उल्लेख करतात. त्यांत तथ्य असते. तरीही या सर्वांच्या मुळाशी असलेली आर्थिक रचना समजून घेतल्याखेरीज फुटीचा अर्थ लागत नाही.

तमाशाचा हंगाम साधारणतः दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात, यात्रा आटोपल्या की संपतो. पावसाळ्यात कनात गुंडाळलेली असते आणि उत्पन्न शून्य. या मधल्या महिन्यांत कलावंत पुढील हंगामाच्या कामापोटी फडमालकाकडून आगाऊ रक्कम घेतो. तिला 'उचल' म्हणतात. उचल फिटेपर्यंत कलावंत त्या मालकाशी बांधलेला असतो. दुसऱ्या मालकाला तो हवा असेल तर त्याने आधीची उचल भरून द्यावयाची आणि वर आणखी रक्कम द्यावयाची, असा व्यवहार. फडाची यादी दरवर्षी पावसाळ्यात नव्याने लिहिली जाते ती अशी. कालपर्यंत एका फडाचा आधारस्तंभ असलेला सोंगाड्या दसऱ्याला समोरच्या फडात उभा दिसतो, त्यामागे बहुधा घरातील आजारपण, मुलीचे लग्न आणि त्यापायी वाढलेली उचल असते. मालकाची स्थितीही फार वेगळी नसते. त्याने उचल वाटण्यासाठी स्वतः सावकाराकडून कर्ज उचललेले असते. एखाद-दुसरी यात्रा पावसाने वा दंग्याने बुडाली तर फड सावकाराच्या घशात जातो.

पुणे जिल्ह्यातील नारायणगाव हे या व्यवहाराचे केंद्र बनले. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात, प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाचा फलक असतो, आणि गावोगावचे यात्रा कमिटीचे पंच येऊन सुपारी ठरवितात. फलकावरचे नाव वाचून सुपारीचा भाव सुरू होतो. म्हणजे नाव ही फडाची खरी मालमत्ता. तंबू, गाडी, वीजदिवे भाड्याने मिळतात, माणसे उचल देऊन आणता येतात. नाव मात्र वर्षानुवर्षांच्या रात्रींतून कमवावे लागते. म्हणूनच फूट पडताना सर्वांत कडवे भांडण नावावरून होते.

बंदी आणि 'लोकनाट्य'

स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. अश्लीलता हे कारण होते. कलावंतांनी दाद मागितल्यानंतर पुण्याचे इतिहाससंशोधक दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि अटी घालून तमाशाला पुन्हा परवानगी मिळाली. संहितेचे पूर्वपरीक्षण आणि परवाना या गोष्टी त्यानंतर फडांच्या जीवनाचा भाग झाल्या.

या अटींचा फडाच्या रचनेवर झालेला परिणाम विशेष लक्षणीय आहे. बतावणी ही आयत्या वेळी सुचणाऱ्या विनोदावर जगणारी गोष्ट. तीच आता कागदावर लिहून मंजूर करून घ्यावयाची होती. साहजिकच लिहिता येणाऱ्या वगलेखकाचे महत्त्व वाढले आणि उत्स्फूर्त सोंगाड्याला काहीसे दबून राहावे लागले, निदान तपासणीचा माणूस बसला असेल त्या रात्री तरी! दुसरा परिणाम नावावर झाला. 'तमाशा' या शब्दालाच बट्टा लागल्याने फडांनी 'लोकनाट्य' हा शब्द पुढे केला. 'लोकनाट्य तमाशा मंडळ' हे आज सर्रास आढळणारे जोडनाव या तडजोडीचे द्योतक आहे. त्यातील पहिला शब्द परवान्यासाठी आणि दुसरा प्रेक्षकासाठी, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

'लोकनाट्य' या शब्दामागे एक वेगळा प्रवाहही होता. अण्णाभाऊ साठे यांनी आपल्या नातेवाईक बापू साठे यांच्या फडात तमाशाचे धडे घेतले होते. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. गणात गणपतीच्या जागी श्रमिकांना व हुतात्म्यांना वंदन आले, गौळण गळाली, वगात शेटजी आणि कामगार आले. या कलापथकावरही सरकारने बंदी घातली. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब, अण्णाभाऊंचे तुकाराम. पुढे हे तिघे एकाच पथकात राहिले नाहीत, अमर शेख यांनी स्वतःचे कलापथक चालविले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत निरनिराळ्या पथकांचे आवाज पुन्हा एका व्यासपीठावर आले. फडाला जे व्यवसायाने करावे लागे, म्हणजे फुटणे, नाव बदलणे, पुन्हा जुळणे, तेच येथे राजकारणाने घडविले.

पुण्यात राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने मध्यमवर्गीय प्रेक्षकाला या बाजाची गोडी लावली. निळू फुले आणि राम नगरकर तेथूनच पुढे आले. वसंत सबनीसांच्या 'छपरी पलंगाचा वग' या लिखाणाचे 'विच्छा माझी पुरी करा' हे नवे रूप १९६५ साली दादा कोंडके यांनी गाजविले. ज्या प्रेक्षकाने आर्यभूषण थिएटरची पायरी कधी चढली नसती, तो याला सहकुटुंब गेला. त्याच काळात मावळातील इंदुरी गावचे दादू इंदुरीकर 'गाढवाचं लग्न' हा हरिभाऊ वडगावकरांचा वग आपल्या ढंगाने रंगवीत होते. त्यांना १९७३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. शहरी लोकनाट्याला मिळालेले पैसे आणि परंपरागत फडाला मिळालेले पुरस्कार यांचा हिशेब कधीतरी मांडला गेला पाहिजे.

'सह' या शब्दाचा इतिहास

स्वातंत्र्योत्तर काळातील फडांची नावे वाचताना एक छोटा शब्द सतत भेटतो, तो म्हणजे 'सह'. 'दत्ता महाडिक पुणेकर सह गुलाबराव बोरगावकर', 'तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर', 'हरिभाऊ बडे सह शिवकन्या बडे नगरकर'. दोन कलावंत एकत्र आले, पण एकाचे नाव दुसऱ्यात विरघळू द्यायचे नाही, असा करारच हा शब्द जाहीर करतो. होनाजी बाळाच्या काळात असा शब्द नव्हता. त्याचा परिणाम वर पाहिला आहे. 'सह'च्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, यावरून फडात रुसवेफुगवे होत आणि फूट पडली की हा शब्दच प्रथम फलकावरून पुसला जाई.

नारायणगावच्या खुडे घराण्याच्या फडाचे नाव 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर'. भाऊ आणि बापू या दोन भावांचे हे नाव. येथे जात फलकावर उघडपणे लिहिलेली आहे. ती समाजाने चिकटविलेली ओळख होती की कलावंतांनी अभिमानाने मिरविलेली, याचे एकच एक उत्तर देता येणार नाही. यात्रेत पंगतीला वेगळे बसविणारे गाव रात्री त्याच नावाचा पुकारा करून टाळ्या वाजवीत होते, एवढे मात्र खरे. भाऊंची कन्या विठाबाई हिने वडिलांच्या फडातून बाहेर पडून स्वतःचा फड उभा केला, तेव्हा नाव लागले 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. वडिलांचे नाव, जात, गाव हे सारे तसेच राहिले, पण आरंभी एका स्त्रीचे नाव आले, आणि तेही 'सह'च्या आधाराविना. विठाबाईंविषयी बोलताना प्रयोग चालू असताना बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत हमखास सांगितली जाते. ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, शेकडो माणसांची उचल, सुपाऱ्या, गाड्या आणि कर्ज अंगावर घेऊन फड चालविणारी ही मालकीण होती, याचा विसर पडावा. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी पुढे आपला स्वतंत्र फड काढला. माहेरच्या फडातून मुलीने बाहेर पडून नवे नाव लावणे, ही या घराण्याची रीतच झाली म्हणावयास हरकत नाही.

कांताबाई सातारकर यांची वाट अधिक खडतर होती. साताऱ्यात वाढलेल्या कांताबाई तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या, 'सह'च्या पलीकडे त्यांचे नाव लागले. पुरुषी भूमिका, विशेषतः शिवाजी महाराजांची, त्या अशा रुबाबात करीत की पुरुष नटांना त्यांचा हेवा वाटावा. १९६४ मध्ये तुकारामांचे निधन झाले. फडाचे नाव आता कोणाचे? कांताबाईंना त्या फडातून बाहेर पडावे लागले. लहान मुले पदरी, हाती काही नाही, अशा अवस्थेत त्यांनी दुसऱ्यांच्या फडांतून कामे केली आणि काही वर्षांतच संगमनेर येथून स्वतःचा फड उभा केला. राज्य शासनाने विठाबाईंच्या नावाने सुरू केलेला जीवनगौरव पुरस्कार प्रथम कांताबाईंना मिळाला. एका फुटलेल्या फडातून उभी राहिलेली स्त्री, दुसऱ्या फडातून फुटून मालकीण झालेल्या स्त्रीच्या नावाचा सन्मान स्वीकारते, ही घटना पवळाबाईंच्या काळात कल्पनेतही आली नसती.

रक्त, जहर आणि मुखवटे

फडांच्या नवनव्या अवतारांत विषयांचाही वाटा होता. बोलपट आणि पुढे दूरदर्शन यांच्याशी टक्कर देताना पौराणिक आणि राजा-प्रधानाचे वग मागे पडले. 'रक्तात न्हाली अब्रू' यासारखी शीर्षके भिंतींवर झळकू लागली. खून, दरोडा, सूड, फरारी यांच्या कथा, बोर्डावर बंदुकीचे बार, लाल रंगात भिजलेली लुगडी. अभिरुचीसंपन्न समीक्षकांनी याला अधःपतन म्हटले. कृष्णेच्या खोऱ्यातील ज्या प्रेक्षकाने जमिनीच्या बांधावरून पडलेले मुडदे प्रत्यक्ष पाहिले होते, त्याच्या दृष्टीने मात्र हे दूरचे अद्भुत नव्हते.

'जहरी प्याला' या वगाने तर एका फडाचे नावच बदलून टाकले. सांगलीजवळच्या कवलापूरचा 'शिवा-संभा' यांचा फड प्रसिद्ध होता. त्याच घराण्यातील लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ या वगात काळू आणि बाळू नावाचे दोन हवालदार रंगवीत. प्रेक्षकांनी त्या भूमिकांची नावे उचलली आणि फड 'काळू-बाळू' म्हणून महाराष्ट्रभर ओळखला जाऊ लागला. मूळ नावे फक्त घरच्यांपुरती उरली.

येथे अमेरिकेतील 'हॉररकोअर'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९९० च्या दशकात तेथील काळ्या वस्त्यांतून व कामगार शहरांतून रॅप संगीताची एक शाखा निघाली. तिचा विषय खून, प्रेते, नरक, वेड. मोठ्या कंपन्या व नभोवाणी यांनी दूर ठेवल्यामुळे ती हातोहात विकल्या जाणाऱ्या ध्वनिफितींवर जगली. या गटांचा इतिहास म्हणजे सतत बदलणाऱ्या याद्यांचा इतिहास होय. डेट्रॉइटमध्ये १९९२ साली उभा राहिलेला 'हाऊस ऑफ क्रेझीज' हा गट १९९७ मध्ये मोडला आणि त्यातील दोघांनी 'ट्विझ्टिड' या नावाने नवा संसार थाटला. त्याच शहरातील 'इनर सिटी पॉसी' या गटाने विदूषकाचा रंग तोंडाला फासून 'इन्सेन क्लाऊन पॉसी' असे रूप घेतले. 'ग्रेव्हडिगाझ' या गटाच्या चार सदस्यांनी, काळू-बाळूंप्रमाणेच, थडगी आणि मृत्यू यांवरून नवी नावे धारण केली. १९९४ मध्ये त्यांचा पहिला संग्रह आला आणि २००१ मध्ये त्यांतील पोएटिक याचे निधन झाले. मेम्फिसच्या 'थ्री सिक्स माफिया'ने एकेक सोबती गमावत २००६ मध्ये ऑस्कर पारितोषिकापर्यंत मजल मारली. २०१३ मध्ये त्यातील डीजे पॉल जुन्या सोबत्यांसह पुन्हा जमला तेव्हा मात्र गटाचे नाव 'दा माफिया सिक्स' असे फिरवून घेण्यात आले.

तुलना ताणण्यात अर्थ नाही. तेथे ध्वनिफीत आणि तिचे स्वामित्वधन आहे. येथे रात्र उलटली की प्रयोग संपला. तेथे नावाच्या वादाला वकील आणि नोंदणी असते. येथे पंच आणि शपथा. मात्र दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. प्रतिष्ठित समाजाने ज्यांना दाराबाहेर ठेवले त्यांनी भीतीला आणि रक्ताला वेशभूषा चढवून विकले आणि या व्यापारात त्यांचे भांडवल एकच होते : नाव. केळकरांनी आपल्या लावणीसंग्रहाला 'अंधारातील लावण्या' असे शीर्षक दिले होते. 'अंडरग्राऊंड' या शब्दाला याहून चांगला मराठी प्रतिशब्द सुचत नाही.

आजचे फलक

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे यात्रा झाल्या नाहीत आणि नारायणगावच्या राहुट्यांचा हंगाम बुडाला. उचल घेतलेली होती, ती फेडण्याचे साधन उरले नाही. कित्येक कलावंतांनी शेतमजुरी, भाजीविक्री अशी कामे पत्करली. साथ ओसरल्यावर जे फड पुन्हा उभे राहिले त्यांतील माणसांची यादी पुष्कळ बदललेली होती. पूर्ण हंगाम तंबू घेऊन फिरणाऱ्या फडांची संख्या आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे, बाकीचे केवळ चैत्र-वैशाखातील यात्रांपुरते जमतात आणि पांगतात. अशा हंगामी फडात गेल्या वर्षीचा ढोलकीवाला यंदा कोठे आहे, हे मालकालाही पाडव्यापर्यंत ठाऊक नसते.

नावे मात्र टिकून आहेत. विठाबाई २००२ मध्ये गेल्या, त्यांच्या नावाचा फड घराण्यातील पुढच्या पिढीने चालविला. कांताबाई मे २०२१ मध्ये करोनाने गेल्या. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांच्या फडाच्या नावात पुत्राच्या जोडीला कांताबाई सातारकर हे नाव अजूनही लागते आणि पंच त्याच नावाने सुपारी लिहून घेतात.